विंचवाचे बिऱ्हाड : पाल, राहुटी आणि बिनमेखेचा तंबू

मराठी भाषा फार काळ तंबूत राहिली आहे. आपण तिला घरात आणून वसवले, तरी तिच्या बोलण्यात तळावरची सवय शिल्लक आहे. कोणी एखाद्या गावी ‘तळ ठोकतो’, कोणी चालत्या कामात ‘मेख मारतो’, नोकरी सुटली की माणूस ‘गाशा गुंडाळतो’, पाहुणे ‘डेरेदाखल’ होतात आणि एखाद्या प्रश्नातली अडचण सापडली की आपण म्हणतो, ‘खरी मेख इथेच आहे.’ मेख म्हणजे तंबूची खुंटी. जमिनीत मेख ठोकायची, तिला तणावा बांधायचा आणि तणाव्याच्या ओढीने कापड उभे करायचे, ही तंबूची जुनी रीत. मेख उपटली की तंबू आडवा.

सह्याद्रीत एकट्याने भटकणाऱ्यांच्या पाठीवर गेल्या काही दशकांत जो तंबू आला, त्याने नेमकी ही मेखच काढून टाकली. दोन-तीन बारीक दांड्या एकमेकींवरून वाकवायच्या, त्यांना कापड अडकवायचे, की तंबू स्वतःच्या पायावर उभा. हवा तर उचलून दुसऱ्या जागी ठेवावा. वजन साधारण एक ते दीड किलो, आत माणूस एकच. विकणारे त्याला ‘फ्री-स्टँडिंग’ म्हणतात. आपण त्याला ‘बिनमेखेचा तंबू’ म्हणू. वस्तू नवी असली तरी तिच्यामागची गरज जुनी आहे. एकट्या माणसाला पाठीवर नेता येईल असा, कोणत्याही जमिनीवर उभा राहील असा आडोसा लागतो, हे आपल्याकडे कोणाकोणाला कळले होते? आणि ज्यांना ते आधी कळले, त्यांच्या आडोशाला आपण तंबू का म्हटले नाही? या लेखाचा शोध एवढाच आहे.

हजार फर्राशांचा तंबू

तंबूच्या लेखी इतिहासात आधी भेटतो तो मोठा तंबू, कारण लिहिणारे मोठ्यांच्या पदरी होते. अबुल फज़लने ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही फर्राशखान्याचे वर्णन केले आहे. त्यातल्या सर्वांत मोठ्या ‘बारगाह’खाली दहा हजारांहून अधिक माणसे मावत आणि तो उभारायला एक हजार फर्राशांना यंत्रांच्या मदतीने आठवडा लागे. त्याच यादीत ‘चोबीन रावटी’ येते. आपली राहुटी याच कुळातली. शामियाना, कनातीसारखा ‘सरापर्दा’ आणि ‘खरगाह’ही तिथे आहेत.

या सगळ्यांत आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो खरगाह. हा मध्य आशियातून आलेला, घडी होणारा सांगाड्याचा तंबू. मोगलांचे पूर्वज ज्या गवताळ प्रदेशातून आले, तिथल्या भटक्या पशुपालकांचे घर लाकडी जाळीच्या गोल भिंतीवर उभे असे आणि नमद्याने झाकलेले असे. ते दोरांच्या ओढीवर नव्हे, तर मुख्यतः स्वतःच्या सांगाड्यावर उभे राही. म्हणजे स्वतः उभ्या राहणाऱ्या निवाऱ्याचे तत्त्व बादशाही तळावर होतेच. पण बादशहाला त्याची गरज उरली नव्हती. ज्याच्या दिमतीला हजार फर्राश आहेत, त्याने मेखांची काटकसर का करावी?

फ्रेंच प्रवासी बर्निए १६६४ च्या अखेरीस औरंगजेबाच्या काश्मीरच्या स्वारीबरोबर निघाला. त्याने ‘पेशखान्या’ची हकिकत लिहिली आहे. बादशहाच्या तंबूंचे दोन पूर्ण संच असत. एका संचात बादशहा मुक्काम करी, तेव्हा दुसरा एक मजल पुढे जाऊन उभा राही. एवढे सामान वाहायला साठांहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरे आणि शंभर हमाल लागत. एका माणसाच्या झोपेसाठी केलेली ही तजवीज. एकट्याचा तंबू म्हणायचे तर हाही एकट्याचाच!

छावणी आणि तणावा

याच्या उलट टोकाला शिवकालीन मराठी लष्कर उभे आहे. सभासदाने १६९४ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत लष्कराची वार्षिक चाल दिली आहे. पावसाळ्यात लष्कर आपल्या मुलखात छावणीला यावे, तिथे दाणा-वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेली घरे तयार असावीत, आणि दसरा होताच कूच करावे. ‘छावणी’ हा शब्दच शाकारण्याशी, छावण्याशी नाते सांगतो. आज छावणी म्हटले की आपल्याला लष्करी वस्ती आठवते. मूळ अर्थ मात्र कापडाच्या छपराखालून गवताच्या छपराखाली जाणे असा आहे. सह्याद्रीच्या पावसापुढे सुती कापड टिकत नाही, हे व्यावहारिक ज्ञान त्या व्यवस्थेत आहे. तंबू आठ महिन्यांचा, चार महिने छप्पर.

तंबू जेवढा मोठा, तेवढा तो परावलंबी, याची मराठी इतिहासातली सर्वांत लोकप्रिय गोष्ट १६८९ सालची आहे. संभाजी महाराजांच्या वधानंतर संताजी घोरपडे यांनी तुळापूरच्या तळावर रात्री छापा घातला, बादशहाच्या डेऱ्याचे तणावे कापून तो खाली आणला आणि त्यावरचे सोन्याचे कळस काढून नेले, असे परंपरेने सांगितले जाते. बादशहा त्या रात्री मुलीच्या डेऱ्यात होता म्हणून वाचला, असाही या कथेचा शेवट आहे. कथेचा ऐतिहासिक कस काहीही लागो, ती रचणाऱ्यांना तंबूची रचना पुरती ठाऊक होती. बादशाही डेऱ्याला भिंत फोडायची गरज नसते. दोर कापले की तो आपल्याच वजनाने बसतो.

पुढे पेशवाईत मराठी सरदारांचेही डेरे वाढले. शंभर वर्षांपूर्वी गवताच्या छपराखाली पावसाळा काढणारे लष्कर पानिपताच्या स्वारीपर्यंत कुटुंबकबिला, बाजारबुणगे आणि जड सामानासह चालू लागले होते. त्या पराभवाला कारणे अनेक आहेत, पण चालत्या लष्कराच्या पाठीवरचे ओझे त्यांत मोजावेच लागते.

इंग्रजी अमलात तंबूने आणखी एक गोष्ट शिकवली. जिल्ह्याचा साहेब थंडीत दौऱ्यावर निघे, मोजणी खात्याची माणसे वर्षानुवर्षे तंबूत काढत. त्रिकोणमितीय सर्वेक्षण करणाऱ्या विल्यम लॅम्टनचा मृत्यू २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला, म्हणजे आपल्या विदर्भात, कामाच्या वाटेवरच झाला. त्याच्या मोजणीची उत्तर-दक्षिण रेषा मराठवाड्याच्या पूर्व कडेवरून वर गेली आहे. हिंगोलीत १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. या मंडळींच्या तंबूंना दुहेरी छप्पर असे. वरचे कापड ऊन झेली, खालचे सावली देई आणि दोहोंमधली हवा उष्णता अडवी. आजच्या हलक्या तंबूलाही दोन थर असतात, पण कारण वेगळे. झोपलेल्या माणसाच्या श्वासातली वाफ गार कापडावर पाणी होऊन जमते. ते पाणी बाहेरच्या थरावर जमावे आणि आतला थर कोरडा राहावा, यासाठी ही दुहेरी रचना. युक्ती तीच, एकदा उन्हासाठी आणि एकदा दवासाठी.

जवळा बाजारच्या वाटेवर

आता मोठ्या तळावरून रस्त्यावर उतरू. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातले जवळा बाजार हे गाव या विषयासाठी फार बोलके आहे, कारण फिरत्या निवाऱ्याच्या अनेक तऱ्हा या टापूतल्या रस्त्यांवर दिसतात.

गावाच्या नावातच बाजार आहे. आठवडी बाजार म्हणजे एका दिवसाचे शहर. चार बांबू, दोन दोर, वर ताडपत्री. विक्रेत्याचे पाल सकाळी उभे राहते आणि संध्याकाळी उतरते. ‘ताडपत्री’ या शब्दात ताडाचे पान आहे. वस्तू मात्र आधी मेणकापड झाली, मग प्लास्टिक. बाजाराच्या टणक, तुडवलेल्या जमिनीत खुंटी जात नाही. तिथे बांबूच्या बुडाला दगड येतो, नाहीतर मालाचे पोतेच दोर धरते. जमिनीने नकार दिला तर वजनाने उभे राहायचे, हा धडा बाजारकरी कोणाच्या पुस्तकातून शिकलेला नाही.

दुसरी तऱ्हा वारीची. शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी नर्सी, औंढा नागनाथ, जवळा बाजार, परभणी, गंगाखेड अशी खाली उतरते. आळंदी-देहूच्या वाटेवर दिंड्यांच्या राहुट्या हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. दोन खांब, वर आढे, दोन्ही अंगांना उतरते कापड. वारकरी चालत असतात तेव्हा सामानाचा ट्रक पुढे गेलेला असतो आणि दिंडी तळावर पोहोचते तेव्हा राहुट्यांची रांग तयार असते. हा पेशखानाच आहे, फक्त तो एका बादशहासाठी नव्हे, तर पन्नास-शंभर चालणाऱ्यांसाठी पुढे धावतो.

तिसरी तऱ्हा तांड्यांची. लमाण बांधवांचे तांडे शतकानुशतके बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहत. मुक्कामाला गोण्या उतरवून त्यांचीच थप्पी रचायची, म्हणजे भिंत झाली, वर कापड ओढले की घर झाले. इथे तर निवाऱ्यासाठी वेगळे ओझेच नाही. मालच निवारा. चौथी तऱ्हा ऊसतोड कामगारांची कोपी. बांबू आणि तट्ट्या, वर पाचट किंवा ताडपत्री. हंगाम संपला की सारे सोडून गाडीत घालायचे. वसमतच्या पूर्णा साखर कारखान्याचा हा टापू. थंडीत उसाच्या फडांजवळ कोप्यांची वस्ती पडली की हंगाम लागला असे समजावे.

आणि पाचवी तऱ्हा सर्वांत छोटी, खरोखर एकट्याची. पावसात रानात निघालेला शेतकरी गोणपाटाचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून डोक्यावर खोळ घेतो. धनगराची घोंगडी दिवसा खोळ, रात्री अंथरूण आणि थंडीत पांघरूण होते. कोकणात भात लावणारी बाई बांबूच्या कामट्यांचे, पानांनी शाकारलेले इरले पाठीवर घेते. इरल्याकडे नीट पाहावे. त्याला सांगाडा आहे, आच्छादन आहे, मेख नाही, तणावा नाही, दोन्ही हात मोकळे राहतात आणि आत माणूस एकच मावतो. बिनमेखेच्या एकट्या निवाऱ्याची सगळी लक्षणे त्यात आहेत. उणे एवढेच की त्यात झोपता येत नाही. पण ज्या बाईला ते घालून दिवसभर वाकायचे असते, तिला झोपेची मुभा कोणी दिली होती?

शिंप्याचे काम

जवळा बाजारहून जवळच नर्सी आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ती ओळखली जाते आणि औंढ्याशी त्यांचे गुरू विसोबा खेचर यांची कथा जोडलेली आहे. नामदेव शिंपी होते आणि पंजाबपर्यंत फिरले. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत. शिंपीपण आणि भटकंती यांचे नाते तंबूच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते. ‘खय्याम’ या फारसी कवीच्या नावाचा अर्थच तंबू शिवणारा. आणि आधुनिक हलक्या तंबूचा एक जनक, टॉमस हायरम होल्डिंग, हा लंडनचा शिंपीच होता.

हलक्या तंबूची आधुनिक कथा सुरू होते ती आल्प्समध्ये. मॅटरहॉर्नच्या मागे लागलेल्या एडवर्ड व्हिम्परने १८६० च्या दशकाच्या आरंभी दोन्ही टोकांना कैचीसारख्या दांड्यांच्या जोड्या असलेला आणि तळ भिंतींनाच शिवलेला तंबू बनवला. त्यात चौघे झोपत आणि वजन सुमारे २३ पौंड, म्हणजे साडेदहा किलो. तळ शिवण्याची कल्पना साधी वाटते, पण तंबू जमिनीपासून वेगळा होण्याचे ते पहिले पाऊल होते. पुढे ममरीने रेशमी कापड घेतले आणि वेगळे खांब टाकून बर्फाच्या कुऱ्हाडींवरच तंबू उभा केला. हा ममरी १८९५ मध्ये नंगा पर्वतावर गेला तो परतला नाही. होल्डिंगने तंबू सायकलवर चढवला. १९०१ मध्ये त्याच्या पुढाकाराने सायकलस्वार शिबिरवाल्यांची संघटना उभी राहिली आणि १९०८ मध्ये त्याचे तंबूनिवासावरचे मार्गदर्शक पुस्तक आले. सैन्य आणि साहेब यांच्याबाहेर, रविवारी मोकळ्या असलेल्या साध्या नोकरदाराचा तंबू तो हा.

मात्र मेख अजून सुटली नव्हती. ती सुटायला कापड आणि दांडी दोन्ही बदलावे लागले. १९३५ मध्ये ड्यू पाँटच्या प्रयोगशाळेत कॅरदर्सच्या हाताखाली नायलॉन तयार झाले. ते सुतापेक्षा हलके, बळकट आणि कुजत नाही असे. १९५५ मध्ये अमेरिकन चित्रकार बिल मॉस याने फायबरग्लासच्या लवचिक दांड्यांचा घुमटाकार ‘पॉप टेंट’ आणला. पुढे बकमिन्स्टर फुलरच्या घुमटांच्या भूमितीवरून स्फूर्ती घेऊन ‘नॉर्थ फेस’ने १९७५ मध्ये ‘ओव्हल इन्टेन्शन’ हा तंबू काढला.

यातले तत्त्व समजायला कठीण नाही. वाकवलेली दांडी सरळ व्हायला पाहते, ताणलेले कापड तिला सरळ होऊ देत नाही. दोघांचा हा झगडा तंबूच्या आतच मिटतो. पूर्वी कापडाची ओढ जमिनीने सोसायची, आता ती दांडीच सोसते. तणाव गेला नाही, तणावा गेला. आपल्या बैलगाडीवरच्या तट्ट्याच्या कमानीत हीच युक्ती आहे.

कातळ आणि काळी माती

हा तंबू महाराष्ट्रात का रुजला, याचे उत्तर पायाखाली आहे. सह्याद्रीचे माथे बेसॉल्टचे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर किंवा कुठल्याही गडाच्या सड्यावर खुंटी ठोकून पाहावी; वाकते ती खुंटी, दगड नव्हे. त्याच खडकाची झीज होऊन पूर्णेच्या खोऱ्यात काळी माती झाली आहे. ती उन्हाळ्यात भेगाळून घट्ट होते आणि पावसात फुगून लोण्यासारखी मऊ. एकीत मेख जात नाही, दुसरीत टिकत नाही. युरोपातल्या हिरवळीवर मेखांचा तंबू शोभतो. दख्खनला बिनमेखेचाच सोयीचा.

म्हणून निवड करणाऱ्याने पहिला प्रश्न वजनाचा नव्हे, जमिनीचा विचारावा. चालण्याच्या काठ्यांवर उभे राहणारे तंबू किलोच्या आत येतात, पण ते पुन्हा मेखांच्या आधीन. ‘अर्धे फ्री-स्टँडिंग’ म्हणून विकले जाणारे तंबू पायाकडच्या दोन कोपऱ्यांना मेखा मागतात. कातळावर मुक्काम करायचा असेल, तर एकमेकींना छेदणाऱ्या दांड्यांचा पुरता बिनमेखेचा तंबू घ्यावा आणि त्यासाठी पाव-अर्धा किलो अधिक सोसावे. दुसरा प्रश्न पावसाचा. आधी आतला थर उभारून मग बाहेरचा टाकायचा असेल, तर सह्याद्रीच्या सरीत आतला थर भिजून जातो. दोन्ही थर एकत्र उभे राहणारी रचना इथे शहाणपणाची. तिसरा प्रश्न हवेचा. ऑक्टोबरच्या दमट रात्री, वर-खाली झरोके नसलेला तंबू माणसाला त्याच्याच श्वासात भिजवतो. चौथा प्रश्न उंचीचा. कागदावरच्या लांबीतून डोक्याकडचा आणि पायाकडचा उतार वजा करावा.

आणि एक गैरसमज दूर करायला हवा. बिनमेखेचा तंबू म्हणजे वाऱ्याला न जुमानणारा तंबू नव्हे. कड्यावर रिकामा ठेवलेला असा तंबू पतंगासारखा जातो. आत सामान ठेवावे, कोपऱ्यांना दगड बांधावेत. शेवटी बाजारकऱ्याचीच युक्ती कामाला येते.

ज्याला निवड नाही

आता या इतिहासातली खरी मेख. एकट्याचा हलका तंबू घेणारा माणूस हौसेने बेघर होतो, दोन रात्रींसाठी. त्याच्या पालाला आपण साहस म्हणतो. पण याच रस्त्यांच्या कडेला वैदू, मसणजोगी, डवरी गोसावी, पारधी, कैकाडी यांची पाले पिढ्यानुपिढ्या पडत आली, आणि त्यांना व्यवस्थेने वेगळे नाव दिले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक भटक्या समूहांवर जन्मतःच संशयाचा शिक्का मारला. हजेरी द्यावी, परवानगीशिवाय मुक्काम हलवू नये, असे जाच आले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तोवर पाल हे घर न राहता पुरावा झाले होते. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने १९८० मध्ये हे जग मराठी वाचकाच्या दारात आणले, तेव्हा कुठे पालाच्या आतून बाहेर पाहणारी नजर आपल्या साहित्यात आली.

संशय मात्र कायद्याबरोबर रद्द झाला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने पाच माणसांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी फिरणारे लोक होते. गावाच्या डोळ्यांना त्यांचे फिरतेपणच संशयास्पद दिसले.

आज अनेक संरक्षित किल्ल्यांवर रात्रीच्या मुक्कामाला निर्बंध आहेत आणि गिरिभ्रमण करणाऱ्यांना त्याची रुखरुख वाटते. किल्ले जपायला ते हवेतही. पण ‘इथे रात्री थांबायचे नाही’ हे वाक्य ऐकताना आपल्याला जे वाटते, ते पालावरच्या माणसाने प्रत्येक गावाच्या वेशीवर ऐकलेले असते, हे लक्षात असू द्यावे.

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण सहज वापरतो, बहुतेक वेळा किंचित तुच्छतेने. दीड किलोचा तंबू पाठीवर घेऊन गड चढणाऱ्याने ती जरा निराळ्या कानाने ऐकावी. त्याच्या पाठीवरचे कापड ड्यू पाँटचे असेल, दांडी कोरियातली असेल, भूमिती फुलरची असेल. पण दगडाने दोर धरायची, कामटी वाकवून छप्पर करायची आणि एका आच्छादनाखाली एकट्याने रात्र काढायची विद्या या मातीत त्याच्या आधीपासून आहे. ती ज्यांच्याजवळ होती, त्यांच्या बोटांतून ती कोणी लिहून घेतली नाही. जवळा बाजारला बाजाराच्या दिवशी संध्याकाळी पाले उतरताना अजूनही ती दिसते. गाठ एका ओढीत सुटते, बांबू एकात एक जातात, ताडपत्रीची घडी होते आणि मागे जमिनीवर एकाही मेखेचे भोक राहत नाही.